पावसावरचं महाकमळ: मराठवाड्यातल्या उद्यानात व्हिक्टोरिया लावताना

मराठवाड्यात महाकमळ लावायचं म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "पाणी कुठून आणणार?" विचारायलाच हवं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या गाडीच्या एका वाघिणीत साधारण ५० हजार लिटर पाणी मावायचं. या लेखात ज्या हौदाचा हिशेब दिला आहे, त्यातही जवळपास तेवढंच पाणी लागतं, आणि तेही एका झाडासाठी. त्यामुळे आपल्याकडच्या सार्वजनिक उद्यानात हे झाड लावणाऱ्याने बागकामाआधी पाण्याची वही उघडावी.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. इथे हे झाड उन्हाळ्यात फुलवायच्या नादी लागू नये. ते पावसाळ्याचं पीक समजून घ्यावं, गच्चीवरच्या पाण्यावर वाढवावं, आणि हौदातलं पाणी बागेच्या दुसऱ्या कामी येईल अशी सोय आधी करावी. एवढं जमणार असेल तर पुढे वाचा. महाविद्यालयाची वनस्पती बाग, नगरपरिषदेचं उद्यान, देवस्थानाचा बगीचा, कृषी शाळेचं आवार, कुठेही जमेल. घरच्या अंगणात मात्र नको, जागा पुरत नाही.

नक्की कोणतं झाड?

व्हिक्टोरिया ही दक्षिण अमेरिकेतली पाणवनस्पती. तिच्या तीन जाती आहेत. अ‍ॅमेझॉनिका अ‍ॅमेझॉन नदीच्या उष्ण खोऱ्यातली, क्रुझियाना त्याहून दक्षिणेकडच्या थोड्या थंड भागातली, आणि तिसरी बोलिव्हियाना. ही तिसरी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या संग्रहात दीडशेहून जास्त वर्षं दुसऱ्याच नावाखाली पडून होती. २०२२ मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. तिचं पान तीन मीटरच्या पुढे जातं.

आपल्याला हवा आहे तो संकर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लाँगवुड गार्डन्समध्ये पॅट्रिक नट यांनी १९६१ मध्ये क्रुझियानाच्या फुलावर अ‍ॅमेझॉनिकाचे पराग टाकून तो तयार केला. त्याला 'लाँगवुड हायब्रिड' म्हणतात. आईकडून थंडी सोसण्याचा गुण आणि पानाचा उंच काठ आला, बापाकडून आकार आला, आणि संकराचा म्हणून जो जोम असतो तो वेगळाच. तो लवकर फुलतो. आपल्या दृष्टीने हेच महत्त्वाचं, कारण आपल्याला जून ते नोव्हेंबर एवढाच काळ मिळतो. शुद्ध अ‍ॅमेझॉनिका घेतली तर नोव्हेंबरच्या पहिल्याच गार रात्रींनी ती बसते.

पान चांगल्या जमिनीत दीड ते दोन मीटर रुंद, कडा परातीसारखी उभी. वरून गुळगुळीत हिरवं, खालून जांभळट-तांबडं, आणि जाड शिरांचं जाळं काट्यांनी भरलेलं. शिरांमध्ये हवा असते, म्हणून एवढं मोठं पान तरंगतं. काठाला समोरासमोर दोन खाचा असतात आणि पानात बारीक छिद्रं असतात. पावसाचं पाणी त्यातून निघून जातं. आपल्याकडे तासाभरात धो-धो कोसळून जाणारा पाऊस पडतो तेव्हा ही योजना बघण्यासारखी असते.

रोपं घेताना एक खूण लक्षात ठेवा. मखाण्याचं झाड याचं जवळचं नातेवाईक आहे आणि त्याची लहान रोपं व्हिक्टोरिया म्हणून खपवली जातात. मखाण्याच्या पानाला वरच्या बाजूलाही काटे असतात आणि पान चुरगळल्यासारखं दिसतं. व्हिक्टोरियाच्या पानाला वरून काटा नसतो.

पावसाळाच का?

मे महिन्यात मराठवाड्यात उघड्या पाण्यातून दिवसाला १० ते १२ मिलिमीटर पाणी उडून जातं. आपला हौद ८ मीटर लांब, ८ मीटर रुंद. म्हणजे ६४ चौरस मीटर पृष्ठभागातून रोज सुमारे ७०० लिटर. महिन्याला २१ हजार. गावात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागलेले असताना उद्यानात एवढं पाणी हवेत सोडायचं, हे कुठल्याही फुलासाठी मला पटत नाही. लोकांनाही पटणार नाही, आणि पहिल्याच दुष्काळी वर्षात हौद कोरडा करावा लागेल.

ऑगस्टमध्ये हेच बाष्पीभवन चार-पाच मिलिमीटरवर येतं, आणि वरून पाऊस भर घालतो.

दुसरं कारण गारपीट. फेब्रुवारी ते एप्रिल हा आपल्याकडे गारांचा काळ. २०१४ मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये काय झालं ते शेतकऱ्यांना अजून आठवतं. दीड मीटरच्या पानावर गारा पडल्या की त्याची चाळण होते. पान वजन पेलतं ते शिरांच्या जोरावर. शिरांमधला पापुद्रा मात्र काडीने टोचला तरी फाटतो.

तिसरं कारण पेरणीचं. थंड देशांत बी रुजवायला तापवलेलं पाणी लागतं, काचघरं लागतात. आपल्याकडे मार्चच्या अखेरीस खोलीत ठेवलेल्या बरणीतलं पाणी आपोआप २८ ते ३० अंशांवर जातं. व्हिक्टोरियाला नेमकं तेच हवं असतं.

म्हणून वेळापत्रक असं: मार्चअखेर बी भिजवायचं, एप्रिल-मे रोपं टबात, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात हौदात, ऑगस्टपासून फुलं, डिसेंबरात झाड काढून टाकायचं. हे झाड मुळात अनेक वर्षं जगणारं असलं तरी आपल्याकडे वार्षिक म्हणूनच करायचं. परभणीत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. तिथे ते वाचवत बसण्यात अर्थ नाही.

हौद

दिवसभर ऊन असलेली जागा निवडा, निदान आठ तास. जवळ कडुनिंब, चिंच, गुलमोहर नको. एकतर सावली, आणि पाला पडला की पाणी सडतं. वाऱ्याच्या वाटेत असेल तर पश्चिमेच्या बाजूने थोड्या अंतरावर कुंपणाची झुडपं लावा. वादळी वारा पानाच्या उभ्या काठाखाली शिरला की पान उलटं करतो.

जुना सिमेंटचा हौद असेल तर उत्तम. बऱ्याच उद्यानांत बंद पडलेल्या कारंज्याचं टाकं असतं, ते दुरुस्त करून घ्या. नवीन करायचा असेल तर आरसीसीपेक्षा शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद स्वस्त पडतो आणि तो जोडणारे कारागीर आता प्रत्येक तालुक्यात आहेत. खाली खडे वेचून बारीक मातीचा थर द्या, मग कागद. जिथे झाडाचा वाफा येणार तिथे कागद दुहेरी ठेवा.

मापं अशी: ८ बाय ८ मीटर, पाण्याची खोली शेवटी ७५ सेंटीमीटर. एकूण ४८ हजार लिटर. मधोमध विटांचा चौकोनी वाफा, १.२ मीटर बाजू आणि ४५ सेंटीमीटर उंची. विटा नुसत्या रचल्या तरी चालतात. पाणी आत-बाहेर गेलेलं बरंच. याहून लहान हौद केला तर पानंही लहान राहतील. झाड मरत नाही, पण मग ज्यासाठी लोक येतात ते दिसत नाही. एका हौदात एकच झाड. दोन लावून दोन्ही अर्धवट वाढवण्याचा मोह प्रत्येक समितीत कुणालातरी होतोच.

हौदाभोवती कठडा हवा. पाणी कमरेपर्यंतच असलं तरी लहान मूल त्यात बुडू शकतं. आणि कठडा पाण्याच्या काठापासून हातभर लांब असावा, म्हणजे वाकून पानाला हात लावता येत नाही.

कारंजं मात्र नको. आपल्या उद्यान विभागांना कारंज्याची भारी हौस. व्हिक्टोरियाला संथ पाणी लागतं. सतत तुषार पडत राहिले की पानं सडतात, आणि उडणारं पाणी वाया जातं ते वेगळंच.

पाण्याचा हिशेब

हा भाग घाईने वाचू नका.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. त्यात क्षार जास्त. हौदातलं पाणी उडतं तेव्हा फक्त पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. वरून पुन्हा बोअरचं पाणी सोडलं की आणखी क्षार येतात. दोन-तीन महिन्यांत हौदाच्या काठावर पांढरी पट्टी दिसायला लागते आणि झाडाची नवी पानं पिवळी पडतात. यावर उपाय दोन: भरताना पावसाचं पाणी वापरायचं, आणि थोडं-थोडं जुनं पाणी काढत राहायचं.

पावसाचं पाणी किती मिळेल ते मोजा. ४०० चौरस मीटरची गच्ची, म्हणजे २० बाय २० मीटरची एखादी साधी इमारत. जूनमध्ये १२५ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातलं ८० टक्के पाणी हाती लागलं, तर ४० हजार लिटर होतात. शिवाय थेट हौदात पडणारा पाऊस ८ हजार लिटर. म्हणजे बरा जून असेल तर हौद एका महिन्यात भरतो, आणि वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर त्याच गच्चीवरून दोन लाख लिटरच्या वर पाणी येतं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी मात्र बाहेर सोडा, त्यात गच्चीची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

आता जुनं पाणी काढायचं कुठे? आठवड्याला दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे ५ हजार लिटर, हौदाच्या तळाजवळच्या नळीतून झाडांच्या आळ्यांकडे. या पाण्यात माशांची विष्ठा आणि खताचा अंश असतो. फळझाडांना ते साध्या पाण्यापेक्षा मानवतं. हौद बागेच्या उंच बाजूला केला तर मोटरही लागत नाही. म्हणून मी म्हणतो, हौद हा बागेच्या पाण्याच्या वाटेवरचा एक टप्पा असावा. संभाजीनगरची पाणचक्की बघितलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दूर डोंगरातून खापराच्या नळांनी आणलेलं पाणी तिथे जातंही फिरवायचं आणि हौदही भरायचं.

काढलेल्या पाण्याच्या जागी पावसाचंच पाणी येऊ द्या. पावसाने ओढ दिली तर पाणी काढणं थांबवा. नळाचं पाणी घालण्याची वेळ आलीच तर ते एक दिवस टाकीत ठेवून क्लोरीन उडू द्या.

आणि जूनच कोरडा गेला तर? रोपं मोठ्या टबात हलवा, ३०० लिटरच्या, आणि वाट बघा. जुलैच्या मध्यापर्यंत हौद अर्धाही भरला नाही तर त्या वर्षी झाड टबातच ठेवायचं. माती थोडी मिळाली की व्हिक्टोरिया पानं आखडून घेते. हात-दीड हाताची पानं येतील, कदाचित फूलही येईल. टँकर मागवू नका.

बी रुजवणं

ऑनलाइन मिळणाऱ्या पाकिटातलं कोरडं बी घेऊ नका. व्हिक्टोरियाचं बी एकदा सुकलं की मेलं. खरं बी पाण्यात बुडवूनच पाठवलेलं असतं. ज्या वनस्पती उद्यानांत किंवा पाणवनस्पतींच्या रोपवाटिकांत हे झाड आहे तिथे डिसेंबर-जानेवारीतच विचारणा करून ठेवा. परदेशातून मागवायचं तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश त्यासाठीच आहे. खिशातून बी आणण्याचे उद्योग करू नयेत.

बी काळपट, गोल, पाऊण सेंटीमीटरच्या आसपास. त्याच्या एका टोकाला छोटं झाकण असतं, तिथून अंकुर येतो. टोकदार सुरीने ते झाकण हलकेच सैल केलं तर उगवण लवकर होते, पण आतल्या गराला धक्का लागता कामा नये. हाताला सवय नसेल तर अर्ध्याच बियांवर प्रयोग करा.

काचेच्या बरणीत स्वच्छ पाणी, तळाशी बोटभर धुतलेली वाळू, त्यावर बी. बरणी उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. पाणी ३५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. दोन ते चार आठवड्यांत अंकुर येतो. पहिलं पान दोऱ्यासारखं बारीक असतं, ते बघून रोप वाया गेलं असं वाटू शकतं. दुसरं पान बाणाच्या टोकासारखं. त्यानंतर गोलसर तरंगती पानं येऊ लागतात.

दुसरं पान आणि एक-दोन मुळं दिसली की रोप १० सेंटीमीटरच्या कुंडीत लावा. माती आणि वाळू अर्धी-अर्धी, खत अजिबात नाही. शेंडा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीच्या वरच राहिला पाहिजे. कुंडीवर पाणी फक्त ५ ते ७ सेंटीमीटर. मुळं कुंडीच्या तळाशी आली की पुढची कुंडी: आधी २० सेंटीमीटरची, मग ३० ची. ही अदलाबदल वेळेवर झाली पाहिजे. मुळं कोंडली की झाड वाढ थांबवतं, आणि नंतर कितीही मोठी जागा दिली तरी पूर्वीचा जोम येत नाही.

मे महिना हा या रोपांचा सगळ्यात अवघड काळ. टबातलं थोडं पाणी दुपारी चटकन तापतं. टब काठापर्यंत जमिनीत पुरा, किंवा भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. वर ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट. रोज संध्याकाळी उडालेलं पाणी भरून काढा. सगळी रोपं मिळून ते एक-दोन बादल्यांच्या वर जात नाही. गोगलगाई असतील तर वेचून काढा, रोपाची कोवळी पानं त्या रात्रीतून संपवतात.

निदान चार रोपं वाढवा. हौदात लावायचं एकच, पण उरलेली शेजारच्या शाळेला देता येतात, आणि वानरांच्या टोळीने एक-दोन उपटलीच तर हातात काही उरतं.

माती आणि लावणी

तलावातला किंवा धरणातला गाळ तीन भाग, वर्षभर कुजलेलं शेणखत एक भाग. त्यात दोन-तीन ओंजळी हाडांचा चुरा. शेतातली काळी माती चालते, पण चुनखडीचे पांढरे खडे असलेली घेऊ नका. ताजं शेण घातलं तर पाण्याखाली ते सडून वायू सुटतो, मुळं काळी पडतात आणि पाणी हिरवंगार होतं. वाफा भरून झाल्यावर वर ५ सेंटीमीटर धुतलेल्या वाळूचा थर, म्हणजे माती वर येणार नाही.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वाफ्यावर १० ते १५ सेंटीमीटर पाणी झालं की रोप कुंडीच्या मातीसकट वाफ्याच्या मधोमध बसवा. पूर्ण हौद भरण्याची वाट बघायची गरज नाही. एवढ्या पातळीला ३७ हजार लिटर पुरतात. नवी पानं मोठी होत जातील तसं पाणी ३० सेंटीमीटरपर्यंत वाढू द्या. सुरुवातीची पानं सपाट असतात, काठ नंतर उभा राहतो. लोक लगेच विचारायला लागतात, तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

लावणीच्या दिवशीच गप्पी मासे सोडा. जिल्हा हिवताप कार्यालयाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे विचारा, पैदासीची टाकी असते. साठलेल्या पाण्याचा हौद म्हटल्यावर डेंगीची तक्रार येणारच. मासे असतील तर उत्तर तयार असतं. तिलापिया किंवा गवत्या मासा मात्र हौदात जाऊ देऊ नका, ते मुळं आणि पानं खातात.

खत

हे झाड अधाशी आहे. लावणीनंतर तीन आठवड्यांनी सुरुवात करा. ओल्या चिकणमातीच्या मुठीएवढ्या गोळ्यात दोन चमचे १०:२६:२६ हे दाणेदार मिश्र खत भरा, गोळा सावलीत थोडा सुकवा आणि वाफ्याच्या कडेने मातीत खोल दाबा. दर पंधरा दिवसांनी असे चार ते सहा गोळे, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. खत पाण्यात टाकायचं नाही. शेवाळ माजतं आणि झाडाला काही मिळत नाही. युरिया नको.

नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर लोहाची कमतरता आहे. जड पाण्यात हे होतंच. एका गोळ्यात चमचाभर हिराकस किंवा चिलेटेड लोह घालून द्या. सप्टेंबरअखेर खत बंद.

हौदात उतरताना

ऐन भरात पान दिवसाला वीत-दोन वीत वाढतं. एका वेळी सहा ते आठ पानं ठेवा, जुनी काढत जा. देठ आणि पानाची खालची बाजू काट्यांनी भरलेली असते आणि काटा मोडून आत राहिला तर जागा पिकते. म्हणून चामडी हातमोजे, जाड पँट, गमबूट. बांबूला विळा बांधून देठ शेंड्यापासून वीतभर अंतरावर कापा, पान गुंडाळून काठावर ओढा, कंपोस्टात टाका. हौदात माणूस असताना मोटर बंद, वीज तोडलेली. हा नियम माळ्याला नुसता सांगू नका, लिहून लावा.

मावा पडला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाका, मासे खातात. पानाचे तुकडे कापून त्यात लपणारी अळी दिसली तर हाताने वेचा. कीटकनाशक फवारलं की पहिले मासे मरतात, मग डास येतात.

फूल बघायचं असेल तर

फूल दोनच रात्री टिकतं. पहिल्या दिवशी दुपारी कळी पाण्याच्या वर येते आणि बाहेरची काटेरी दलं फटीतून पांढरं दाखवू लागतात. चारच्या सुमारास असं दिसलं की संध्याकाळी फूल उमलणार. सूर्यास्ताच्या आसपास ते उघडतं, पांढरं, पिकलेल्या अननसाची आठवण देणाऱ्या वासाचं. फुलाचा आतला भाग चक्क तापतो. बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांपर्यंत जास्त. मूळ देशात या उबेला आणि वासाला भुलून भुंगेरे आत शिरतात, सकाळी फूल मिटतं आणि ते अडकतात. दिवसभरात पराग पिकतात आणि पाकळ्या गुलाबी होतात. दुसऱ्या संध्याकाळी फूल पुन्हा उघडतं, परागाने माखलेले भुंगेरे बाहेर पडतात आणि दुसऱ्या पांढऱ्या फुलाकडे जातात. तिसऱ्या सकाळी फूल पाण्याखाली जातं.

म्हणजे जी वेळ बघण्याची, नेमकी तीच बऱ्याच उद्यानांची दारं बंद होण्याची. फुलाच्या हंगामात आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी रात्री नऊपर्यंत फाटक उघडं ठेवा. कळी फुटल्याचं दुपारीच फलकावर लिहा. सकाळी फिरायला येणाऱ्यांना मिटलेलं फूलच दिसतं, आणि मग "एवढा खर्च यासाठी?" असं ऐकावं लागतं.

लोक

पानावर मूल बसवलेला फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याची परंपरा जुनी आहे: इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थच्या बागेत १८४९ मध्ये तिथले मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी आपल्या लहान मुलीला पानावर उभं केलं होतं. पानाच्या शिरांची रचना पाहून पुढे १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसची, म्हणजे लंडनमधल्या काच-लोखंडाच्या भव्य प्रदर्शन इमारतीची, कल्पना सुचल्याचं ते सांगत. पण अशा फोटोंत पानावर बहुधा फळी ठेवलेली असते, त्यामुळे वजन पसरतं. आपल्याकडे हा खेळ सुरूच करू नका. एकदा केला की प्रत्येक नगरसेवकाच्या नातवाचा फोटो काढावा लागेल.

खरी अडचण वेगळी आहे. फुलं ऐन भरात असतात तेव्हा गणपती आणि नवरात्र येतात. उद्यानात भरलेला हौद दिसला की लोक निर्माल्य सोडतात, त्यात वाईट हेतू नसतो. पाटी लावून हे थांबत नाही. हौदाच्या अलीकडे, येण्याच्या वाटेवरच, मोठा निर्माल्य कलश ठेवा आणि रोज रिकामा करा. विसर्जनाच्या दिवशी तिथे एक माणूस उभा ठेवा. नाणी टाकणाऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे उपाय नाही, सुट्टीच्या दिवसांनंतर पानांवरची नाणी हलक्या हाताने उचलायची, एवढंच.

बी धरणं

आपल्याकडे ते भुंगेरे नाहीत, त्यामुळे बी हवं तर पराग हाताने टाकावे लागतात. दुसऱ्या संध्याकाळच्या गुलाबी फुलातले पराग ब्रशने घेऊन पहिल्या संध्याकाळच्या पांढऱ्या फुलाच्या मधल्या वाटीत टाकायचे. मग फूल जाळीदार कापडात बांधायचं. फळ पाण्याखाली सहा ते आठ आठवडे पिकतं आणि फुटतं. जाळी नसेल तर बी तरंगत हौदभर पसरतं.

पण संकराच्या झाडाचं बी पुढच्या वर्षी संकरासारखंच येईल असं नाही. काही झाडं आजीवर जातील, काही आजोबांवर, काही मधेच अडकतील. खात्रीचं लाँगवुड हवं तर दर वर्षी क्रुझियाना आणि अ‍ॅमेझॉनिका यांचा नव्याने संकर करावा लागतो, आणि त्यासाठी दोन वेगळे हौद लागतात. एका हौदाच्या उद्यानाने या फंदात न पडता दर वर्षी नवं संकरित बी मागवावं. बीच स्वतः धरायची हौस असेल तर शुद्ध क्रुझियाना लावा. तिचं पान थोडं लहान, पण काठ उंच आणि थंडीला ती बरी टिकते.

मिळालेलं बी धुऊन, वरचा बुळबुळीत पापुद्रा काढून, पाण्याच्या बरणीत अंधाऱ्या गार खोलीत ठेवा. आठवड्याला पाणी बदला. तरंगणारं बी टाकून द्या.

डिसेंबर

रात्रीचा पारा १५ च्या खाली जाऊ लागला की नवी पानं लहान येतात, मग येतच नाहीत. तेव्हा जीव अडकवून न ठेवता झाड काढा. आधी सगळी पानं, मग वाफ्यातला कंद फावड्याने. तो जड असतो आणि काटेरी असतो, दोन माणसं लागतात.

हौदातलं पाणी लगेच सोडून देऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत, विहिरी खाली जायला लागतात तेव्हा, ते आठवड्याला चार-पाच हजार लिटर अशा बेताने नव्या लावलेल्या रोपांना द्या. फेब्रुवारीअखेर हौद रिकामा होतो. गप्पी मासे एका टबात काढून ठेवा. वाफ्यातली माती बाहेर काढून उन्हात पसरा. तिच्यातला निम्मा भाग पुढच्या वर्षी नव्या गाळात मिसळता येतो, निम्मा फुलझाडांच्या कुंड्यांना. कागदावर कुठे काटा लागून छिद्र पडलंय का ते याच काळात बघून जोडून घ्या, कारण जूनमध्ये शेततळ्याचे कारागीर सापडत नाहीत.